वारा माळावरचा, वाटा सगळ्या गावाचा

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी-वनकुसवड्याचे सडे, सांगलीतील ढालगाव-जतचे माळ, धुळ्यातील साक्री तालुका. या भागांत गेली वीस-पंचवीस वर्षे पवनचक्क्या फिरत आहेत. आता बीड, धाराशिव आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतही त्या उभ्या राहत आहेत आणि त्यांची उंची जुन्या चक्क्यांच्या कितीतरी पुढे गेली आहे.

सुरुवात बहुतेक ठिकाणी सारखीच होते. आधी माळावर वारा मोजणारा बारीक, उंच खांब उभा राहतो. मग एखादा ओळखीचा एजंट चार-पाच शेतकऱ्यांच्या घरी येऊन बसतो, सह्या होतात, इसार दिला जातो. मुरमाचे डंपर सुरू झाले की बाकीच्या गावाला प्रकल्पाची बातमी लागते. पुढे क्रेन येते, वर्षभरात चक्क्या फिरू लागतात, आणि पारावर चर्चा सुरू होते: आपल्या गावाला यातून काय मिळाले?

हा प्रश्न त्या वेळी विचारून फारसा उपयोग होत नाही. ज्यांच्या शिवारात पवनऊर्जा प्रकल्प येऊ घातला आहे, अशा गावांतील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शेतकरी, बचत गटाच्या महिला आणि तरुण मंडळी यांच्यासाठी हा लेख आहे. गावाचा लाभ पहिला खड्डा खणला जाण्याआधी, भर ग्रामसभेत आणि लेखी ठरवा. तो एकदाच मिळणारी देणगी म्हणून मागू नका. चक्की फिरेल तितकी वर्षे, दरवर्षी मिळणारा हिस्सा म्हणून मागा. आणि त्या हिश्शात ज्याच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, तोही असला पाहिजे. या लेखातील बाकी सगळे मुद्दे यातूनच आले आहेत.

बोलणी आधीच का करायची

धरण, खाण किंवा मोठा कारखाना यायचा असेल, तर पर्यावरण परवानगीच्या निमित्ताने जनसुनावणी होते. पवनऊर्जा प्रकल्पांना केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत स्थान नाही, त्यामुळे ही जनसुनावणी बंधनकारक नाही. जमीनही सहसा सरकार संपादित करत नाही. कंपनी ती शेतकऱ्यांकडून थेट विकत किंवा भाड्याने घेते. साहजिकच २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील सामाजिक परिणामांचा अभ्यास सहसा होत नाही. थोडक्यात, सगळ्या गावाला एकत्र बसवून प्रकल्प समजावून सांगण्याची सक्ती कोणावरच नाही. हे काम ग्रामसभेला स्वतःच करावे लागते.

गावाची बाजू कधी भक्कम असते, हेही ओळखून ठेवा. कंपनीला ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हवा असतो. लांबलचक पाती घेऊन येणाऱ्या ट्रेलरसाठी गावचे रस्ते रुंद करायचे असतात, वीजवाहिनीसाठी शेतांतून वाट हवी असते. त्या काळात गावाच्या शब्दाला वजन असते. बँकेचे कर्ज उचलले गेले, क्रेन येऊन उभी राहिली, की मग काम अडवण्याला बोलणी म्हणत नाहीत. तो संघर्ष होतो आणि त्यात पोलीस, गुन्हे, कोर्टकचेऱ्या येतात. सरळ मार्गाने काम करू पाहणाऱ्या कंपनीलाही आधीच झालेला स्वच्छ करार सोयीचा पडतो, कारण काम रखडले तर तिच्या कर्जावरचे व्याज चढत जाते.

समोरचा माणूस नेमका कोण?

महाराष्ट्रातील अनेक जुन्या प्रकल्पांत चक्की बनवणाऱ्या कंपनीनेच जमीन मिळवली, चक्क्या उभ्या केल्या आणि मग एकेक चक्की निरनिराळ्या गुंतवणूकदारांना विकली. त्यामुळे एकाच माळावर शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन चक्क्यांचे मालक वेगळे असू शकतात. गावात दिसतो तो देखभाल करणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर. त्याला कितीही निवेदने दिली, तरी निर्णय घेणे त्याच्या हातात नसते. आता बऱ्याचदा एकेका प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी काढली जाते आणि काही वर्षांनी ती कंपनीच दुसऱ्याला विकली जाते.

म्हणून पहिल्या बैठकीतच पाच गोष्टी लेखी मागा. प्रकल्प कोणत्या नोंदणीकृत कंपनीचा आहे? एकूण क्षमता किती मेगावॅट आणि चक्क्या किती? वीज कोणाला विकणार, महावितरणला की एखाद्या कारखान्याला? चक्क्या, रस्ते, सबस्टेशन आणि वाहिन्या नकाशावर कुठे आहेत? करारावर सही करण्याचा अधिकार कोणाला आहे? ही माहिती हातात येईपर्यंत ना-हरकत दाखल्याचा विषय ग्रामसभेपुढे घेऊ नका. एजंटाच्या तोंडी आश्वासनाला कराराची किंमत नसते. त्याने कबूल केलेला प्रत्येक शब्द कंपनीच्या कागदावर आला पाहिजे.

जमीन देणाऱ्या शेतकऱ्यासाठी

चक्कीच्या पायाला जमीन थोडीच लागते. पण क्रेन उभी करायची जागा, रस्ता आणि केबलचा चर धरला, तर शेताचा बराच मोठा भाग अडतो. शिवाय पाऊसपाण्याची वाट बदलते. रस्त्याच्या भरावामुळे बांधावरचे पाणी खालच्या शेतात घुसले, अशी भांडणे पुढे वर्षानुवर्षे चालतात. त्यामुळे सही करण्याआधी पुढील गोष्टी बघा.

विकायची की भाड्याने द्यायची, याचा शांतपणे विचार करा. विकली की एकदा पैसे मिळतात आणि जमिनीशी संबंध संपतो. भाडेपट्ट्यात मालकी राहते आणि दरवर्षी उत्पन्न येते. पण भाडेवाढीचे कलम नसेल, तर ते उत्पन्न विरत जाते. समजा, वर्षाला ५०,००० रुपये भाडे ठरले आणि महागाई दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली. पंचवीस वर्षांनंतर त्या पन्नास हजारांत आजच्या जेमतेम पंधरा हजारांइतक्याच वस्तू येतील. म्हणून दरवर्षी ठरावीक टक्के वाढीचे कलम हवेच.

एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरच्या नोटरीवर समाधान मानू नका. कोऱ्या कागदावर किंवा ‘सर्वाधिकार’ देणाऱ्या मुखत्यारपत्रावर सही करू नका. सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सगळ्या हिस्सेदारांची संमती घ्या. बहिणींची नावे असतील तर त्यांना व्यवहाराची किंमत सांगूनच सही घ्या. हक्कसोड आधी आणि किंमत नंतर, असा क्रम कधीही लावू नका. करारात चक्की नेमकी कुठे येणार ते गट क्रमांक आणि नकाशासह लिहून घ्या. चक्की बंद झाल्यावर जमीन कोणत्या स्थितीत परत मिळेल, हेही लिहून घ्या.

वीजवाहिनीचा मोबदला हा वेगळा विषय आहे. ६६ केव्ही आणि त्याहून अधिक दाबाच्या पारेषण वाहिन्यांसाठी केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. टॉवरच्या पायाखालच्या जमिनीसाठी तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला त्यांत सुचवला आहे. आपल्या भागात प्रत्यक्ष लागू असलेला दर प्रांत कार्यालयातून लेखी घ्या. चक्कीपासून सबस्टेशनपर्यंत जाणारी वाहिनी मात्र बहुधा ३३ केव्हीची असते, म्हणजे या सूचनांच्या बाहेरची. तिच्या प्रत्येक खांबाचा आणि तारेखालच्या पट्ट्याचा दर बोलणीतच ठरवावा लागतो.

गावाने किती मागावे

‘भरपूर द्या’ म्हटले की कंपनी मंदिराला कमान बांधून देते आणि विषय संपतो. आकड्यात मागायचे, तर हिशेब माहीत हवा.

समजा, २ मेगावॅटची एक चक्की आहे आणि ती वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या सरासरी २५ टक्के वीज देते. मग वर्षाला तयार झालेली वीज ४३ लाख ८० हजार युनिट. दर युनिटला ३ रुपये धरला, तर त्या एका चक्कीची वर्षाची विक्री सुमारे १ कोटी ३१ लाख रुपये. अशा २५ चक्क्या, म्हणजे ५० मेगावॅटचा प्रकल्प असेल, तर वर्षाला जवळपास ११ कोटी युनिट आणि सुमारे ३३ कोटींची विक्री. यातून कर्जाचे हप्ते, देखभाल, विमा आणि पगार भागवायचे असतात, हे खरे. तरी युनिटमागे फक्त ५ पैसे गावाला मिळाले, तर वर्षाला सुमारे ५५ लाख रुपये येतात. विक्रीच्या मानाने हा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या प्रकल्पाची क्षमता आणि दर घालून हाच हिशेब करून पाहा.

अशी मागणी जगावेगळी नाही. जर्मनीच्या नवीकरणीय ऊर्जा कायद्यात चक्कीपासून अडीच किलोमीटरच्या आत येणाऱ्या स्थानिक संस्थांना युनिटमागे ०.२ सेंट, म्हणजे साधारण अठरा-वीस पैसे देण्याची तरतूद आहे. स्कॉटलंडच्या सरकारने दर मेगावॅटमागे वर्षाला ५,००० पौंड आणि तेही महागाईनुसार वाढते, असा निकष सुचवला. तिथल्या अनेक गावांचे लाभनिधी त्यावर चालतात. आयर्लंडमध्ये सरकारी लिलावातून आलेल्या प्रकल्पांना दर मेगावॅट-तासामागे, म्हणजे हजार युनिटमागे, २ युरो स्थानिक निधीत भरावे लागतात. दक्षिण आफ्रिकेने तर लिलावाच्या अटींतच स्थानिक समाजाचे समभाग आणि उत्पन्नातील वाटा घातला. भारतात अशी सक्ती नाही, पण लेखी मागण्यापासून आणि करार करण्यापासून कोणी अडवलेलेही नाही.

माझी सूचना अशी, की मागणीचे दोन भाग करा. पहिला भाग दर मेगावॅटमागे वर्षाला ठरावीक रक्कम, दरवर्षी वाढत जाणारी. दुसरा भाग प्रत्यक्ष विजेवर, युनिटमागे काही पैसे. आपल्याकडे चक्कीची बरीचशी कमाई जून ते सप्टेंबर या पावसाळी वाऱ्यावर होते आणि प्रत्येक वर्षाचा वारा सारखा नसतो. पहिल्या भागामुळे पडत्या वर्षातही गावाची कामे थांबत नाहीत. दुसऱ्या भागामुळे चांगल्या वर्षाचा फायदा गावापर्यंत पोहोचतो. किती वीज झाली हे कंपनीच्या तोंडच्या आकड्यावर सोडू नका. सबस्टेशनवरच्या मीटरची दरमहा अधिकृत नोंद होते. त्या नोंदीची प्रत ग्रामपंचायतीला मिळेल, असे कलम करारात घाला.

कर, सीएसआर आणि लाभनिधी: तीन वेगळ्या पिशव्या

या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की गावाचे नुकसान होते.

कर हा ग्रामपंचायतीचा कायदेशीर हक्क आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार ती इमारती व जमिनींवर कर आकारते. पवनचक्क्यांच्या करावरून अनेक ठिकाणी वाद झाले आहेत, थकबाकीही राहिली आहे. त्यामुळे आकारणी कशी करायची, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि मागणीची बिले दरवर्षी वेळेवर बजावा. ‘आम्ही शाळेला रंग दिला, आता कर माफ करा’ असा सौदा कधीही करू नका.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हा कंपनी कायद्याचा विषय आहे. २०१३ च्या कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. पण प्रकल्पासाठी नव्याने काढलेल्या कंपनीला सुरुवातीची वर्षे व्याज आणि घसारा वजा जाता नफाच दिसला नाही, तर तिच्यावर ही जबाबदारी येणार नाही. आणि जी कंपनी खर्च करते, तिने तो तुमच्याच गावात करावा अशी सक्ती नाही. म्हणून ‘सीएसआरमधून बघू’ या उत्तरावर गप्प बसू नका.

लाभनिधी ही तिसरी पिशवी. ती नफ्यावर अवलंबून नसते. मेगावॅट आणि युनिटवर ठरते, आणि कर व सीएसआर या दोन्हींच्या वर असते. करारात हे एका वाक्यात स्पष्ट लिहा.

वाटा कोणाकोणाचा

चक्कीसाठी जमीन देणाऱ्याला पैसे मिळतात. शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्याला पात्यांचा आवाज मिळतो, सकाळ-संध्याकाळ दारावरून फिरणारी सावली मिळते, पण रुपया मिळत नाही. भावकीत आणि शेजारात वितुष्ट येते ते इथूनच. डेन्मार्कने यावर विचार केला आहे. तिथे अनेक वर्षे नव्या चक्क्यांचे किमान २० टक्के समभाग साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करण्याची अट होती. २०२० पासून तिच्या जागी जवळच्या घरांना दरवर्षी बोनस देण्याची पद्धत आली. आपल्याकडेही निधीतला काही भाग चक्कीच्या ठरावीक अंतरातल्या घरांसाठी राखून ठेवता येईल. मुळात घराजवळ चक्की येऊच नये, याचा आग्रह आधी धरा. केंद्राच्या २०१६ च्या पवनऊर्जा मार्गदर्शक सूचनांत आवाजाच्या कारणाने राहत्या घरापासून किमान ५०० मीटर अंतर सांगितले आहे. वस्तीवरची घरे अनेकदा गावठाणाच्या नकाशात नसतात. ती स्वतः मोजून कंपनीच्या नकाशावर दाखवा.

मग राहतात जमीन नसलेले. मेंढपाळ, शेतमजूर, गायरानात गुरे सोडणारी कुटुंबे. माळ त्यांच्या नावावर नसतो, पण त्यांचे पोट त्यावर चालते. रस्ते आणि कुंपणांमुळे चराईच्या वाटा अडल्या, तर सगळ्यात आधी त्यांचे नुकसान होते. चराईच्या वाटा आणि पाणवठे नकाशावर आखून ते कायम खुले राहतील, असे कलम करारात घाला. निधीतला ठरावीक हिस्सा भूमिहीन कुटुंबांसाठी ठेवा. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्या आणि तिथल्या मागण्या ठरावात जशाच्या तशा उतरवा. पाणी, शौचालय, मुलींचा शाळेपर्यंतचा प्रवास हे विषय बहुतेक वेळा तिथेच पुढे येतात.

साक्री तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा ठिकाणी आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्तीचे अधिकार दिले आहेत. वनजमिनीचा प्रश्न असेल तिथे २००६ चा वनहक्क कायदा लागू होतो. हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला त्याच्या ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही, असे त्या कायद्याचे कलम ४(५) सांगते. वैयक्तिक आणि सामूहिक दावे प्रलंबित असतील, तर ते आधी मार्गी लावून घ्या. जमिनीचा प्रश्न दडपून उभारलेला प्रकल्प पुढे कंपनीच्याही अंगाशी येतो. केनियात तुर्काना सरोवराजवळ ३६५ चक्क्यांचा, ३१० मेगावॅटचा मोठा प्रकल्प आहे. तिथल्या पशुपालक समाजांनी खटला भरला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने जमिनीचे हक्कलेखच नियमबाह्य ठरवले.

पैसा उजेडात ठेवा

बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणातून ही हत्या झाली, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण चक्क्यांच्या मागून येणारा पैसा अंधारात फिरू लागला तर काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मधल्या माणसांनी कंपनीकडून परस्पर उकळलेला पैसा गावाचा लाभ नसतो. तो गावावर आलेला धोका असतो. अशा टोळ्यांना मोकळे रान मिळू नये यासाठी कंपनी आणि गाव यांच्यातला सगळा व्यवहार उघड, लेखी आणि बँकेतून व्हायला हवा.

निधी ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात ठेवता येईल, किंवा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या विश्वस्त संस्थेत. पहिल्या मार्गात सरकारी लेखापरीक्षण आपोआप होते. दुसऱ्या मार्गात निवडणुकीने सत्ता बदलली तरी निधीची घडी विस्कटत नाही. अनेक गावांचा एकच प्रकल्प असेल, तर दुसरा मार्ग सोपा पडतो. कोणताही मार्ग घ्या, नियम सारखेच ठेवा. रोख एक रुपयाही घ्यायचा नाही. समिती ग्रामसभेने निवडायची, त्यात निम्म्या महिला, भूमिहीनांचा प्रतिनिधी आणि चक्कीच्या जवळच्या वस्तीचा प्रतिनिधी हवा. ठेकेदारी करणारा किंवा त्याचा नातेवाईक समितीत नको. वर्षाकाठी किती युनिट झाले, किती पैसे आले, कुठे खर्च झाले याचा फलक चावडीवर लावायचा आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायचा.

मोफत वीज आणि नोकऱ्या

‘चक्की आमच्या गावात, मग वीज फुकट का नाही?’ हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो. चक्कीची वीज थेट गावात येत नाही. ती सबस्टेशनमधून ग्रिडमध्ये जाते आणि गावाला वीज महावितरण देते. त्यामुळे कंपनीला परस्पर घराघरांत तारा टाकता येत नाहीत. हा अडथळा वळसा घालून पार करता येतो. लाभनिधीतून नळपाणी योजनेचे आणि पथदिव्यांचे वीजबिल भरा. बिल थकल्याने पाणीयोजना बंद पडलेली गावे कमी नाहीत. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि पाणीयोजनेच्या पंपासाठी सौर पॅनल बसवले, तर पुढचे बिलही कमी होते.

नोकऱ्यांबद्दलही खरे बोलले पाहिजे. बांधकाम चालू असते तेव्हा बरेच हात लागतात. नंतर देखभालीला थोडेच तंत्रज्ञ आणि पहारेकरी पुरतात. ‘घरटी एक नोकरी’ हे आश्वासन पाळता येण्यासारखे नाही, म्हणून ते मागूही नका. त्याऐवजी असे मागा: बांधकामाच्या काळात गावातले ट्रॅक्टर, जेवणाचे डबे, खोल्या यांना पहिली संधी, आणि बिले ठरलेल्या मुदतीत. आयटीआय झालेल्या मुला-मुलींना, कंपनीच्या खर्चाने, चक्कीच्या देखभालीचे प्रशिक्षण. पहारेकऱ्याच्या नोकरीवर समाधान मानणाऱ्या गावातली मुले चक्कीच्या फाटकाबाहेरच राहतात. प्रशिक्षण घेतलेला मुलगा किंवा मुलगी देशात कुठल्याही प्रकल्पावर काम करू शकते.

मालकीचा विचार

ओडनथुरई ही तमिळनाडूतील कोइम्बतूर जिल्ह्यातली ग्रामपंचायत आहे. २००६ मध्ये या पंचायतीने बचतीचे पैसे आणि बँकेचे कर्ज घालून सुमारे दीड कोटी रुपयांची, ३५० किलोवॅटची स्वतःची पवनचक्की विकत घेतली. चक्की गावात नाही, वारा चांगला आहे अशा दूरच्या ठिकाणी आहे. तिच्या विजेतून पंचायतीची गरज भागते आणि उरलेली वीज राज्याच्या वीज मंडळाला विकून कर्ज फेडता येते, हे या पंचायतीने दाखवून दिले. डेन्मार्कच्या कोपनहेगनजवळ समुद्रातील मिडलग्रुंडेन येथे २००० साली २० चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या निम्म्यांची मालकी आठ हजारांहून अधिक सामान्य नागरिकांच्या सहकारी संस्थेकडे आहे.

भाग घेऊन सभासद होणे, सभेत हिशेब विचारणे, लाभांश घेणे हे महाराष्ट्राला साखर कारखान्यांनी आणि दूध संघांनी शिकवले आहे. त्या अनुभवाचे चांगले आणि वाईट दोन्ही धडे आपल्या गाठीशी आहेत. म्हणून मोठ्या प्रकल्पाशी बोलणी करताना ‘एका चक्कीची मालकी किंवा थोडे समभाग गावच्या सहकारी संस्थेला विकत घेता यावेत’ हा प्रस्ताव ठेवून पाहा. पण एक पथ्य पाळा. गरीब कुटुंबाला कर्ज काढून भाग घ्यायला लावू नका. लाभनिधी सगळ्यांसाठी असतो. मालकीत जोखीम असते, ती ज्याला पेलेल त्यानेच घ्यावी.

माळाचाही वाटा आहे

चाळकेवाडीच्या सड्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अभ्यास केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी दिसले, आणि शिकारी कमी झाल्याने सरड्यांची संख्या वाढली. माळ ओसाड दिसला तरी त्यावर एक अख्खी जीवसृष्टी जगत असते. सड्यावरचे झरे, गवत, पावसाळी फुले आणि खालच्या गावांचे पाणी एकमेकांत गुंतलेले आहे. म्हणून लाभनिधीतला थोडा भाग गवताळ कुरणांसाठी, झऱ्यांसाठी आणि रस्त्याच्या कडेने होणारी धूप थांबवण्यासाठी ठेवा. मुरूम कुठून काढायचा आणि ते खड्डे कोण बुजवणार, हेही आधीच ठरवा.

जुन्या चक्क्यांच्या गावांना दुसरी संधी

ज्या गावांचा करार झालाच नाही किंवा पडत्या भावात झाला, त्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या लहान चक्क्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्या काढून कमी संख्येच्या, पण मोठ्या चक्क्या बसवता याव्यात म्हणून केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये धोरण आणले. २ मेगावॅटपेक्षा लहान चक्क्या त्यात येतात. नवी चक्की म्हणजे रुंद रस्ता, मोठा पाया, नवी केबल. म्हणजेच कंपनीला पुन्हा गावाकडे यावे लागेल. त्या दिवसासाठी आत्तापासून तयारी करा. जुने करार आणि फेरफार गोळा करा, भाडेपट्ट्यांच्या मुदती कधी संपतात ते लिहून ठेवा, कराची थकबाकी काढा. काढलेल्या चक्कीची पाती आणि काँक्रीटचा पाया माळावर तसेच टाकून दिले जाणार नाहीत, यासाठी कंपनीकडून बँक हमी मागा.

ठरावात काय काय हवे

करार करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. ती फी पुढच्या पंचवीस वर्षांच्या मानाने काहीच नाही. ठरावात आणि करारात निदान इतके मुद्दे असू द्या:

१. लाभनिधीची रक्कम: दर मेगावॅटमागे किती, दर युनिटमागे किती, दरवर्षी वाढ किती टक्के.
२. पैसे कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात. उशीर झाला तर व्याज.
३. बांधकामाच्या काळातली वेगळी रक्कम, कारण रस्त्यांचा त्रास तेव्हाच सुरू होतो आणि चक्कीची कमाई नंतर.
४. कंपनी विकली गेली तरी नव्या मालकावर करार बंधनकारक.
५. कर आणि सीएसआर यांपासून निधी वेगळा.
६. वस्त्यांपासूनचे अंतर, चराईच्या वाटा, पाणवठे आणि पाण्याचे प्रवाह नकाशासह.
७. मीटरच्या मासिक नोंदीची प्रत.
८. तक्रार कोणाकडे, किती दिवसांत उत्तर, आणि तोडगा न निघाल्यास मध्यस्थ कोण.
९. शेवटी चक्की काढून जमीन पूर्ववत करण्याची हमी.
१०. कराराची मराठी प्रत प्रत्येक कुटुंबाला पाहता येईल अशा ठिकाणी.

पवनऊर्जेची देशाला गरज आहे. कोळशाचा धूर कमी करायचा असेल, तर माळांवर आणखी चक्क्या लागतील, त्या उभ्या राहाव्यात असेच मला मनापासून वाटते. पण शहरातला कारखाना आणि दिवे ज्या विजेवर चालतात, तिचा सगळा भार डोंगरावरच्या गावांनी उचलायचा आणि फायदा दुसरीकडे जायचा, हे न्यायाचे नाही. गावाला हिस्सा मिळाला, तर पुढच्या गावात कंपनीचे स्वागत होईल. नाही मिळाला, तर प्रत्येक चक्कीसाठी नवा झगडा उभा राहील.

तुमच्या माळावर वारा मोजणारा खांब उभा राहिला असेल, तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर, जी ग्रामसभा आधी येईल तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. तोवर थांबण्याइतका वेळ नसेल, तर सरपंचांना विशेष ग्रामसभा बोलवायला सांगा. हे दहा मुद्दे तिथे मोठ्याने वाचा, वाद घाला, आकडे बदला आणि ठराव करून प्रोसिडिंगमध्ये नोंदवा. कंपनीशी पहिली बैठक त्यानंतरच घ्या.